स्टेनलेसवर चढलेला ताव: रंगावरून तापमान कसे काढावे

स्टेनलेसच्या पत्र्यावर निळा पट्टा दिसला की वर्कशॉपमधला जुना माणूस एका नजरेत सांगतो, "तीनशे डिग्रीला गेलाय." आकडा हवेतून आलेला नसतो. छिन्नीला पाणी दिल्यावर ती पुन्हा तापवताना धारेकडे सरकत येणारे रंग लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचले आहेत. साध्या कार्बन पोलादावर २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. छिन्नीसाठी हे गणित चोख आहे. तेच स्टेनलेसला लावले की चूक दोनशे अंशांहून मोठी होते, कारण ३०४ जातीच्या स्टेनलेस पत्र्यावर तोच निळा यायला साधारण ५४० अंश लागतात. टाकी ठेवायची की बदलायची, हा निर्णय नेमका या दोनशे अंशांत अडकलेला असतो. ३०० अंशांपर्यंत थोडा वेळ तापलेल्या ३०४ चे काहीच बिघडत नाही. ५४० ला मात्र धातूच्या आत काय घडले असेल याची चौकशी करावीच लागते.

अशी चौकशी ज्यांच्या गळ्यात येते त्यांच्यासाठी हा लेख आहे: कारखान्यातले मेंटेनन्सवाले, फॅब्रिकेटर, आगीनंतर पाहणीला जाणारे विम्याचे सर्व्हेअर. हाताशी महागडी उपकरणे नसली तरी डोळे, लोहचुंबक, पत्र्याचे चार तुकडे आणि एक मफल भट्टी एवढ्यावर बरेच खात्रीचे उत्तर काढता येते. मात्र ते उत्तर "इतके ते इतके अंश, एवढा वेळ धरल्यास" असेच येईल. एकच आकडा कोणी मागितला तर देऊ नका.

रंग येतो कुठून?

स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवा लागताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. नेहमीच्या तापमानाला तो एक ते तीन नॅनोमीटर जाड, म्हणजे डोळ्यांना अदृश्य. धातू तापला की हा पापुद्रा जाड होत जातो. तो काही दशक नॅनोमीटरवर पोहोचला की पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून आणि खालच्या धातूवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग दबतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगावर जे रंग दिसतात, त्यामागेही हेच कारण आहे. तवंगात रंगद्रव्य नसते, तसे स्टेनलेसच्या डागातही नसते. रंग फक्त जाडी सांगतो.

म्हणून तुम्ही पत्र्याकडे पाहता तेव्हा तापमान वाचत नसता, पापुद्र्याची जाडी वाचत असता. ही जाडी तापमानाने वाढते, वेळेने वाढते, आणि भोवतालच्या ऑक्सिजनवर, पत्र्याच्या जातीवर, पृष्ठभागाच्या घासाईवरही अवलंबून असते. तक्ता हातात घेण्याआधी एवढे पक्के लक्षात असले की पुढच्या बऱ्याचशा चुका टळतात.

तक्ता आणि त्याच्या मर्यादा

ब्रिटिश स्टेनलेस स्टील असोसिएशनने ३०४ साठी प्रसिद्ध केलेला तक्ता या कामात नेहमी वापरला जातो. हवेत तापलेल्या पत्र्यासाठी तो असा आहे: २९० अंशांना फिकट पिवळा, ३४० ला गवती पिवळा, ३७० ला गडद पिवळा, ३९० ला तपकिरी, ४२० ला जांभळट तपकिरी, ४५० ला गडद जांभळा, ५४० ला निळा आणि ६०० ला गडद निळा. त्यापुढे रंगाची झळाळी जाते, पृष्ठभाग मंद राखाडी होतो आणि आणखी वर काळपट खपली धरू लागते.

हे आकडे नीट पाहा. गडद पिवळ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत दर वीस-तीस अंशांना रंग बदलतो, त्यामुळे तपकिरी किंवा जांभळट पट्टा दिसला तर अंदाज बराच बारीक बांधता येतो. जांभळ्यापासून निळ्यापर्यंत मात्र नव्वद अंशांची मोकळी जागा आहे. नुसता निळा दिसला तर तुमच्या हातात मोठा पल्ला येतो, आणि दुर्दैवाने धातूची काळजी करायला लावणारा पल्ला तोच आहे. अशा वेळी निळ्याकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याच्या कडेचे तपकिरी-जांभळे पट्टे मोजणे जास्त उपयोगाचे.

आता वेळ. थर्मिक फ्लुइडची लाइन २८०-३०० अंशांना चालते. तिचा इन्सुलेशन नसलेला स्टेनलेसचा तुकडा वर्षानुवर्षे तसाच तापत राहिला तर सोनेरी होतो, मग तपकिरीकडे झुकतो. तक्त्यात तपकिरीसमोर ३९० लिहिले आहे म्हणून लाइन ३९० ला गेली, असे म्हणणाऱ्याने ऑपरेटरवर विनाकारण आळ घेतला. उलट बाजूही तितकीच खरी. टॉर्चची ज्योत दोन मिनिटे फिरवून काढली तर पत्रा तक्त्यातल्या आकड्याच्या बराच वर जाऊनही रंग तेवढाच चढतो. जास्त वेळ म्हणजे खरे तापमान तक्त्यापेक्षा कमी, थोडा वेळ म्हणजे तक्त्यापेक्षा जास्त. एवढे एक सूत्र भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल.

ऑक्सिजनचा प्रभाव किती असतो हे पाहायचे तर वेल्डिंगच्या जगात जावे लागते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१८.२ या मार्गदर्शिकेत स्टेनलेस नळीच्या आतल्या बाजूचे दहा नमुने छापलेले आहेत. वेल्ड तसेच, आर्गॉन तोच. फक्त आर्गॉनमधला ऑक्सिजन दहा लाखांत १० भागांपासून २५,००० भागांपर्यंत वाढवत नेला आहे. पहिला नमुना जवळपास स्वच्छ, शेवटचा काळवंडलेला. वेल्डशेजारचा धातू दहाही नमुन्यांत सारखाच तापला होता. म्हणून पर्जिंग केलेल्या, म्हणजे आर्गॉनने आतली हवा घालवलेल्या, नळीच्या आत रंग नाही यावरून ती तापली नाही असा निष्कर्ष काढू नका. गॅस्केटखालचा, क्लॅम्पखालचा किंवा इन्सुलेशनने घट्ट झाकलेला भाग यांनाही हेच लागू आहे.

पत्र्याच्या जातीबद्दल थोडक्यात सांगतो. क्रोमियम जितके जास्त तितका पापुद्रा हळू वाढतो, म्हणजे तोच रंग यायला जास्त ताव लागतो. मोटारसायकल आणि गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये वापरतात तो ४०९ सुमारे ११ टक्के क्रोमियमचा. त्याच्यावर रंग लवकर चढतो. भांड्यांच्या बाजारात जे-फोर म्हणून चालणारा २०० मालिकेचा पत्रा ३०४ पेक्षा कमी क्रोमियमचा असतो. लोहचुंबकाने हा आणि ३०४ वेगळा ओळखता येत नाही, दोन्ही सारखेच चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणून मिल टेस्ट सर्टिफिकेट शोधा, नसेल तर हातातल्या एक्स-रे यंत्राने जात तपासून घ्या. एक सावधगिरी: हे एक्स-रे यंत्र कार्बन मोजू शकत नाही. पत्रा ३०४ आहे की कमी कार्बनचा ३०४एल हे त्यावरून कळणार नाही, आणि पुढे तोच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा ठरणार आहे.

आणि जो रंग तापामुळे आलेलाच नाही तो आधी बाजूला काढा. लिफ्टच्या दारांवरचा, रेलिंगवरचा सोनेरी पत्रा बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा लेप दिलेला असतो. घरच्या पातेल्याच्या तळाशी दिसणारी इंद्रधनुषी छटा बऱ्याचदा पाण्यातल्या क्षारांच्या पातळ थराची असते आणि लिंबू किंवा व्हिनेगर चोळल्यावर निघून जाते. तापाचा डाग इतक्या सहज जात नाही.

पाहायचे कसे?

जागेवर पोहोचल्यावर पहिली आज्ञा एकच: कोणी काही पुसू नका, बफिंग करू नका, पिकलिंग पेस्ट लावू नका. चांगल्या हेतूने केलेली साफसफाई पुरावा कायमचा घालवते. अपवाद आगीचा. जळलेल्या पीव्हीसी केबलच्या धुरातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, त्यातले क्लोराइड स्टेनलेसवर बसले की काही दिवसांत खड्डे पडू लागतात. तिथे आधी फोटो घ्या, काजळीचे नमुने घ्या आणि मग स्वच्छ, कमी क्लोराइडच्या पाण्याने, मऊ फडक्याने सगळे धुऊन काढा. वाट पाहण्यात शहाणपण नाही.

रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, सावलीत पाहा. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि बिनडागी पत्रा एकसारखा दिसतो. कोन बदलला की या डागांचा रंगही बदलतो, म्हणून शक्यतो समोरून, काटकोनात पाहा आणि फोटोही तसाच काढा. फोटोत करडे कार्ड आणि मोजपट्टी ठेवा. मोबाइल कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो. कार्ड असले तर ती सुधारणा नंतर उलटवता येते. पृष्ठभाग कोणता आहे हेही लिहा, कारण आरशासारख्या पॉलिशवर, गिरणीतून आलेल्या टू-बी फिनिशवर आणि घासलेल्या मॅट पत्र्यावर एकच पापुद्रा वेगळा दिसतो. बोटांचे ठसे, कटिंग ऑइल, मार्करची शाई यांच्याखाली रंग वेगळा उमटतो. तो भाग सोडून द्या.

मग पट्ट्यांकडे या. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, कारण एकट्या रंगापेक्षा रंगांची मांडणी जास्त बोलते. तापाच्या केंद्राभोवती बाहेरून आत पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा, राखाडी अशी कडी असतात. ज्या बाजूला कडी दाटलेली त्या बाजूला तापमानाचा उतार तीव्र. ३०४ मधून उष्णता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वेगानेच वाहते, त्यामुळे थोडा वेळ जोरात दिलेला ताव अरुंद, रेखीव कडी सोडतो. रुंद, एकमेकांत विरघळणारे पट्टे दिसले तर धातू सावकाश आणि बराच वेळ तापला असे समजा. पत्र्याची मागची बाजूही पाहा. समोर निळा आणि मागे फिकट पिवळा असेल तर ज्योत समोरून लागली आणि लवकर निघाली. दोन्हीकडे सारखा रंग असेल तर सगळी जाडी त्या तापमानाला पोहोचली होती.

इथे एक सापळा आहे. निळ्या कड्याच्या मधोमध फिकट, राखाडी, जवळपास स्वच्छ दिसणारा भाग असला की अनेकजण तो कमी तापलेला समजतात. तो सर्वांत जास्त तापलेला असतो. पापुद्रा निळ्याच्या पुढे जाड झाला की ठळक रंग हरवतो. त्या ठिकाणी बोट फिरवून पाहा, खपलीचा खरखरीतपणा लागतो का ते बघा. पत्रा फुगलेला किंवा वळलेला आहे का तेही सरळ पट्टी लावून तपासा. ३०४ गरम झाल्यावर साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतो, त्यामुळे एका ठिकाणचा मोठा ताव सहसा आकारावरही खूण ठेवतो.

शेजाऱ्यांची साक्ष

डागाच्या आजूबाजूला जे आहे ते तापमानाच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा ठरवून देते. टेफ्लॉनचे गॅस्केट ३२७ अंशांना वितळते, शिसेही योगायोगाने तेवढ्यालाच. जस्त ४२० ला, ॲल्युमिनियम ६६० ला, तांबे १०८४ ला. ॲल्युमिनियमची नेमप्लेट शाबूत असेल तर ती जागा ६६० च्या खाली राहिली. तिच्या शेजारचा टेफ्लॉन वितळला असेल तर ३२७ च्या वर गेली. असे दोन टोकांचे खुंटे मिळाले की रंगावरचा भार हलका होतो. प्रत्यक्षदर्शींनाही विचारा. अंधारात धातू मंद लाल दिसू लागतो तो साधारण ५२५ अंशांपासून, म्हणून "रात्री पाइप लालसर दिसत होता" हे रात्रपाळीच्या कामगाराचे वाक्य तापमापकाच्या नोंदीइतके मोलाचे असू शकते.

वितळलेले जस्त दिसले तर मात्र तिथेच थांबा. जस्त चढवलेला पत्रा, पाइप किंवा बोल्ट स्टेनलेसच्या वर असेल आणि आगीत त्याचे थेंब तापलेल्या स्टेनलेसवर पडले असतील, तर ते द्रव जस्त धातूच्या कणांच्या सीमांमध्ये घुसून त्याला ठिसूळ करते, ताण असेल तर चिरा पाडते. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या १९७४ च्या स्फोटाच्या तपासात आठ इंची स्टेनलेस पाइपच्या बाबतीत या कारणाची तपशीलवार चर्चा झाली होती. असा भाग डाय-पेनिट्रंट तपासणीशिवाय वापरात घेऊ नये.

लोहचुंबकाचाही एक उपयोग आहे. ३०४ चा पत्रा वाकवला, ताणला की वाकलेल्या कडेला तो थोडा चुंबकाला चिकटू लागतो. हाच भाग सातशेच्या पुढे तापला की ते आकर्षण बहुतांशी जाते. म्हणून डिश एंडच्या तापलेल्या बाजूची वळलेली कड आणि न तापलेल्या बाजूची कड, दोन्हींना चुंबक लावून पाहा. फरक जाणवला तर तो महत्त्वाचा. कठीणपणाची चाचणीही अशीच जोडीने करावी, तापलेली जागा आणि त्याच पत्र्यातली न तापलेली जागा.

एक उदाहरण

समजा, गुलकंद किंवा जॅमच्या कारखान्यात वाफेचे जॅकेट असलेली ३०४ ची कढई आहे. तळाच्या आउटलेटशेजारी तळहाताएवढा निळा डाग, भोवती जांभळी, तपकिरी आणि पिवळी अरुंद कडी. सुपरवायझरचे म्हणणे, वाफेचा दाब वाढला आणि कढई जास्त तापली.

हे म्हणणे दोन मिनिटांत तपासता येते. कढई ३.५ बार गेज दाबाच्या वाफेवर चालते; त्या दाबाला संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १४८ अंश. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकून दाब १० बारवर गेला असे धरले तरी १८४ अंश. पाण्याचा क्रांतिक बिंदूच ३७४ अंशांना आहे, तेही २२१ बारला. तिथवर जायच्या कितीतरी आधी जॅकेट फाटले असते. म्हणजे हा निळा रंग वाफेने आलेला असूच शकत नाही. दुसरा ताव शोधायचा.

कडी अरुंद आहेत, म्हणजे काही मिनिटांचाच मामला. डागाचे केंद्र आउटलेटच्या चकतीकडे झुकलेले आहे. आतल्या बाजूला त्याच जागी गडद पिवळा आहे, म्हणजे ज्योत बाहेरून लागली. आता मेंटेनन्सच्या नोंदवहीत मागे जाऊन पाहिले तर अडकलेला व्हॉल्व्ह सैल करण्यासाठी गॅस टॉर्च वापरल्याची नोंद मिळण्याची शक्यता मोठी. वेळ दहा मिनिटांची धरली तर बाहेरच्या पृष्ठाचे तापमान तक्त्यातल्या ५४० च्या वरच असणार. किती वर, हे ठरवायला पुढची पायरी.

स्वतःची रंगपट्टी

माझा आग्रह कशाचा असेल तर याचा. छापील तक्त्यावर अंतिम मत देऊ नका. त्याच पत्र्याच्या तुकड्यांची पट्टी बनवा. एका दिवसाचे काम आहे आणि अहवालाचे वजन त्याने कितीतरी वाढते.

त्याच जातीचा, त्याच फिनिशचा, शक्य असेल तर त्याच हीटचा पत्रा मिळवा. कढईच्या बाबतीत फॅब्रिकेटरकडे उरलेला तुकडा बऱ्याचदा सापडतो. पाच सेंटिमीटरचे चौकोन कापा. संरक्षक प्लास्टिक फिल्म काढून ॲसिटोनने तेल पूर्ण घालवा, नंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. क्रमांक मागच्या बाजूला पंचने ठोका. मार्करने लिहिलात तर शाईच रंग बदलेल. मफल भट्टीत हवा खेळती ठेवा आणि के प्रकारचे थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला नव्हे, तुकड्याला टेकवा. दाराजवळचा आणि मागचा भाग यांच्या तापमानात फरक असतो आणि भट्टीचा डिस्प्ले तो दाखवत नाही.

३०० पासून ६५० पर्यंत पन्नास-पन्नास अंशांच्या पायऱ्या ठेवा, आणि प्रत्येक पायरीला तीन वेळा: दहा मिनिटे, एक तास, आठ तास. वेळ तुकडा त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजा. स्थिर हवेत गार होऊ द्या. चोवीस तुकडे मांडले की समोर जी चौकट उभी राहते ती कोणत्याही पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा तुमच्या प्रश्नाच्या जवळची असते. तिरक्या रेषेत सारखे रंग दिसतील: कमी तापमान-जास्त वेळ आणि जास्त तापमान-कमी वेळ. डागाशेजारी हे तुकडे धरून, सावलीत, त्याच कोनातून, दोन वेगवेगळ्या माणसांना जुळणी करायला सांगा. दोघांनी निवडलेल्या तुकड्यांमधले अंतर हीच तुमच्या अंदाजाची खरी चूकमर्यादा.

टॉर्चसारख्या क्षणिक तावासाठी भट्टी पुरत नाही. तिथे मोठ्या तुकड्याला मागून थर्मोकपल जोडून तशाच टॉर्चने तितकाच वेळ तापवा आणि कडी जुळतात का ते पाहा.

या अंदाजाचे पुढे काय करायचे?

चारशेच्या आत थोडा वेळ गेलेल्या ३०४ किंवा ३१६ च्या बाबतीत ताकदीची चिंता नको. रंग दिसतो तेवढाच, आणि पापुद्र्याखालचा पातळ थर क्रोमियमने थोडा कमी झालेला असतो म्हणून गंजाला तो जरा लवकर बळी पडतो. अन्नप्रक्रिया, औषधनिर्मिती, दूध यांच्या उपकरणांत आतला रंग काढलाच पाहिजे.

साधारण ४५० ते ८५० या पट्ट्यात प्रश्न वेगळा होतो. तिथे कार्बन क्रोमियमशी जोडला जाऊन कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड तयार होते, सीमांलगतचे क्रोमियम ओढले जाते आणि नंतर आम्ल किंवा क्लोराइड आले की गंज सीमांमधून आत शिरतो. बाहेरून पत्रा ठीक दिसतो. इथे वेळ आणि कार्बन दोन्ही मोजायचे. ०.०६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेल्या ३०४ ला ६५० ते ७०० अंशांत काही मिनिटेही पुरतात. ०.०३ टक्क्यांच्या आतल्या ३०४एल ला तास लागतात. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ४५०-५०० ला, दोघांनाही फार काळ लागतो. म्हणजे आपल्या कढईला दहा मिनिटे टॉर्च लागली आणि सर्टिफिकेट ३०४एल चे असेल तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही. साधे ३०४ असेल आणि पट्टी ६०० च्या वरचे तापमान दाखवत असेल तर एएसटीएम ए२६२ प्रमाणे ऑक्झॅलिक आम्लाची एचिंग चाचणी करून घ्या. पृष्ठावर पॉलिश करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची ही चाचणी तापलेल्या जागेची प्रतिकृती घेऊनही करता येते, दर वेळी तुकडा कापावा लागतो असे नाही.

डुप्लेक्स स्टीलला हा हिशेब लावू नका. तिथे तीनशेच्या वर फार काळ राहिले तरी ठिसूळपणा येऊ शकतो, आणि सहाशे ते साडेनऊशेच्या दरम्यान सिग्मा नावाची कडक, ठिसूळ प्रावस्था तयार होते. डुप्लेक्सवर निळा दिसला की थेट धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेशी बोला.

मोठ्या आगीनंतर एपीआय ५७९ या मानकातली उष्णता-विभागांची पद्धत वापरावी. त्यात सगळ्या जागेचे सहा विभाग करतात. त्यातला चौथा २०५ ते ४२५ अंशांचा, पाचवा ४२५ ते ७३० चा आणि सहावा त्यापुढचा. नकाशावर हे विभाग रंगवताना स्टेनलेसचे डाग, वितळलेले शेजारी आणि रंग उडालेल्या लोखंडी भागांची साक्ष एकत्र मांडा. दाबपात्र असेल तर ते पुन्हा वापरायचे की नाही हा निर्णय सक्षम निरीक्षकाचाच. तुमचे काम त्याच्या हाती चोख माहिती देण्याचे.

सगळी नोंद झाल्यावरच डाग काढायचा. बाजारात मिळणाऱ्या पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून योग्य हातमोजे, चष्मा, वाहते पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय डब्याचे झाकण उघडू देऊ नका. साध्या लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवू नका, त्याचे कण अडकून नंतर गंजतात. धुतल्यानंतरचे आम्लयुक्त पाणी निष्क्रिय करूनच सोडा.

अहवाल लिहिताना डागाचा रंग, उजेड, पृष्ठभाग, पत्र्याची जात आणि ती कशावरून ठरवली, धरलेला वेळ आणि तो कोणाच्या सांगण्यावरून किंवा कोणत्या नोंदीवरून घेतला, हे सगळे एका परिच्छेदात येऊ द्या. मग निष्कर्ष: "बाहेरील पृष्ठभाग, दहा ते पंधरा मिनिटे धरल्यास, अमुक ते अमुक अंश, वेळ एक तास निघाल्यास अमुक ते अमुक." दोन्ही पल्ले लिहा, कारण वेळेबद्दलची साक्ष उद्या बदलू शकते. वापरलेले तुकडे क्रमांकासह पाकिटात घालून फाइलला जोडा, आणि त्याच उपकरणाला पुन्हा ताव द्यायची वेळ येणार असेल तर पुढच्या खेपेसाठी त्या जागेजवळ स्टेनलेससाठी चालणाऱ्या, कमी हॅलोजनच्या तापदर्शक खडूच्या दोन-तीन रेघा ओढून ठेवायला सांगा.